बशीतली माती

४ फेब्रुवारी

ताई,

फोन केला तर तुला अर्धं ऐकू येतं आणि ते अर्धंही तू चुकीचं ऐकतेस, म्हणून लिहितोय. चष्मा लाव आणि नीट बस. आपली बाग मला मिळाली!

हो, आपलीच, खाडीकाठची. आज सकाळी मुख्य कचेरीत साहेबांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे काम तुम्हीच करा. तुमचं लहानपण तिथं गेलंय म्हणे." मी चेहरा गंभीर ठेवून मान हलवली आणि जिन्यात जाऊन एकटाच हसलो. बावन्न वर्षांचा इंजिनिअर जिन्यात एकटा हसतोय हे शिपायानं बघितलं. आता दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं असेल.

काय करायचंय ते थोडक्यात सांगतो. काठावरची ती लांबलचक काँक्रीटची भिंत आम्ही टप्प्याटप्प्यानं काढणार. तिनं पाणी अडवलं, पण काठ आतून पोखरला गेला, वाटा खचल्या, मागे साचलेलं पाणी कुजायला लागलं. भिंतीऐवजी उतरता काठ करायचा, त्यावर लव्हाळी आणि खारं पाणी सोसणारी झाडं लावायची. भरतीचं पाणी आत येईल, ओहोटीला परत जाईल. रस्त्यावरून वाहून येणारं घाण पाणी तीन तळ्यांतून गाळून मगच खाडीत सोडायचं. सिमेंट कमी, पंप कमी. पुढची पन्नास वर्षं बागेनं आपली आपण उभं राहावं, असा बेत आहे.

एक विचारायचं आहे. मधला सखल भाग, ज्याला सगळे 'बशी' म्हणायचे, तो मी अकरा वर्षांचा असताना भरून काढला. जुन्या नकाशावर नुसतं 'भराव' लिहिलंय, कशाचा ते नाही. तू तेव्हा रोपवाटिकेची मुकादम होतीस. काय टाकलं होतं? त्यावर हिरवळ केली आणि मला तिच्यावर पाऊल ठेवू द्यायची नाहीस, एवढं मात्र पक्कं आठवतंय. सगळ्या शहराची पोरं लोळायची आणि मुकादमबाईंचा भाऊ कडेला उभा! गवताची काळजी तू माझ्या अभ्यासापेक्षा जास्त केलीस.

तुझा,
बारक्या


१३ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र तीनदा वाचलं. शेजारणीला वाचून दाखवलं आणि कुणी न विचारताच फाटकावरच्या रखवालदारालाही सांगून आले. आईबाबांच्या मागे तुला त्या बागेतल्या दोन खोल्यांत वाढवलं. पाण्याच्या नळाशी उभं करून आंघोळ घालायची, तेव्हा ओरडून अख्खी बाग गोळा करायचास. तोच बारक्या आता बाग नव्यानं बांधणार. मला काय वाटलं ते लिहीत बसत नाही, तुला कळेल.

बागेची दशा तुला कागदावर दिसते, मला खिडकीतून दिसते. समोरच्याच इमारतीत राहते ना मी. रेलिंगला हात लावला की गंज हातावर येतो. बाकांपैकी चार बसण्याजोगे उरलेत. तिसऱ्या वाटेवर भगदाड पडलंय, त्यात कुणी भल्या माणसानं मोडकी खुर्ची उभी करून ठेवलीय, लोकांना लांबून कळावं म्हणून. ओहोटीला भिंतीच्या भेगांतून असा वास येतो की आमचे निवृत्त मास्तर वर्तमानपत्र नाकावर धरतात. तसंच वाचतही राहतात.

बशीचं विचारलंस. त्यात काय विशेष? चांगली माती होती. तांबडी, भुसभुशीत. माझ्या डोळ्यांसमोर पसरली. तिथं खणत बसून वेळ घालवू नकोस.

आणि एक कर, बशीपुढची भिंत तेवढी राहू दे. लोकांना संध्याकाळी तिला टेकून उभं राहायची सवय आहे. बाकी तुझी विद्या.

तब्येत सांभाळ. जिन्यात हसू नकोस, पडशील.

तुझी ताई


२ मार्च

ताई,

तुझ्या पत्रानं माझं एक मोठं काम सोपं झालं. कसं ते तुला सांगून कंटाळा आणत नाही, मातीच्या तपासणीची भानगड आहे. कागद, नकाशे, प्रयोगशाळा सगळं एकीकडे आणि जिनं स्वतः बघितलं तिचा शब्द एकीकडे.

भिंतीचं मात्र जमायचं नाही. तू चाळीस वर्षं तिच्याकडे बघतेयस, तुझा जीव अडकला असणार, समजतं मला. पण बशी हाच सगळ्यात सखल भाग आहे. पाणी आत घ्यायचं तर तिथूनच घ्यावं लागेल. टेकायला लाकडी कठडा करून देतो, मग तर झालं?

साहेब आराखड्यावर खूश आहेत. एप्रिलमध्ये काम सुरू होईल.

बारक्या


२१ मार्च

बारक्या,

रविवारी बागेच्या कामाची जाहीर सभा झाली. तुझ्या कचेरीतला तरुण अधिकारी आला होता, भिंतीवर चित्रं दाखवत होता. फार सुंदर होती. पाण्यात उभे बगळे, लाकडी पूल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी उठले आणि म्हणाले की बशीपुढची भिंत काढू नका. त्यानं विचारलं, "कारण सांगाल का, आजी?" मी म्हटलं, लोकांना सवय आहे. सगळे हसले. मग म्हटलं, झाडांना खारं पाणी लागेल. तो म्हणाला, "आम्ही खारं पाणी सोसणारीच झाडं लावतोय." पुन्हा हसले. मास्तरांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

माझं हसं झालं त्याचं काही नाही. पण बारक्या, तुला एवढंच मागते. बाकीची सगळी भिंत काढ, बशीपुरती ठेव. का ते विचारू नकोस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

सभेचा वृत्तांत कचेरीत आला. 'एका वृद्ध महिलेचा विरोध' असं त्यात आहे. ती माझी बहीण आहे हे साहेबांना माहीत आहे. ते नुसते माझ्याकडे बघून हसले.

मला फार लागलं. दीड वर्षापासून हे काम मिळावं म्हणून मी धडपडत होतो, ते तुला सांगितलं नव्हतं. आणि पहिला विरोध घरातून! 'का ते विचारू नकोस' म्हणतेस. बरं, नाही विचारत. पण अशा मागणीवर मी आराखडा बदलू शकत नाही. आपल्या हट्टापायी शहराची बाग अडवायची, हे तुझ्यासारखीला शोभत नाही.

वीस तारखेला काम सुरू होतंय. यापुढे आपण पत्रांतून बागेचा विषय नको काढूया.

बारक्या


१८ मे

बारक्या,

विषय काढू नकोस म्हणाला होतास. काढते.

तुला कचेरीतून कळलंच असेल, पण मी इथून काय बघितलं ते ऐक. अठ्ठावीस एप्रिलला बशीपुढची भिंत फोडली. पोकलेननं आतली माती ओढली तेव्हा वरचा फूटभर थर तांबडा निघाला, आणि त्याखाली निळसर हिरवा. खड्ड्यात पाणी भरलं. पंप त्या गाळानं सारखा अडकायचा. पंपवाला, तिशीचा असेल, बुटात पाणी शिरतंय म्हणून बूट काढून अनवाणी आत उतरला. हातानं गाळ काढायचा, पंप चालू करायचा, पुन्हा उतरायचा. असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याला उभं राहता येईना. चौघांनी उचलून नेलं. पायांना भोकं पडावीत तशा जखमा आहेत म्हणतात.

मी खिडकीत होते. दोन्ही दिवस. खाली जाऊन "बाहेर ये" एवढं ओरडायला मला दोन जिने उतरायचे होते. मी उतरले नाही.

ती माती नव्हती. खाडीपलीकडे तेव्हा कातडी कमावण्याचा कारखाना होता, आता नाही. तिथला गाळ होता तो. बशी भरायला मातीचे ट्रक येणार होते, आले ते हे. अकरा दिवस येत होते. वर चुन्याची साय, मध्ये कातड्याचे तुकडे. वासानं डोळ्यांत पाणी यायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, नुकतीच नोकरीत कायम झालेली. मोठ्या साहेबांना म्हटलं, ही माती नाही. ते म्हणाले, "वरून चांगली माती टाकू, हिरवळ लावू. कोण खाली बघायला जातंय?" रजिस्टरमध्ये रकाना होता, भरावाचा प्रकार. त्यात मी 'स्वच्छ माती' लिहिलं आणि सही केली. अकरा दिवस, रोज.

तू म्हणशील, ताईनं माझ्यासाठी केलं, खोल्या गेल्या असत्या, माझी शाळा सुटली असती. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगितलं. पण साहेबांनी खोल्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. धमकी नाही, काही नाही. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, मागे दुसरा ट्रक उभा होता आणि पेन माझ्या हातात होतं. एवढंच घडलं.

भिंतीमुळं ते आत कोंडलेलं होतं. म्हणून ती ठेव म्हणत होते. मला तुला खरं एका ओळीत लिहिता आलं असतं. दोनदा लिहिलं आणि फाडलं. ज्या पोराला मी वाढवलं त्याच्या डोळ्यांत मला लहान व्हायचं नव्हतं.

ताई


२४ मे

ताई,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. तुझं मी फाडलं आहे.

कुणालाही काही सांगू नकोस. चौकशी बसली आहे, एक बाई अधिकारी येणार आहेत. ते रजिस्टर कचेरीत नाही, मी शोधलं. मोठे साहेब वारले. कारखाना उरला नाही. आता हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. तू पासष्ट वर्षांची आहेस, तुला कुणी समोर उभं करून प्रश्न विचारावेत हे मला बघवणार नाही.

आणि तुला वाटतं तेवढी तू एकटी नाहीस यात. फाईल माझ्याकडे यायच्या आधी, जानेवारीत, मातीचा नमुना काढायला बशीत पहिली बोअर घेतली होती. नमुन्यात क्रोम नावाचा धातू नको तितका आला. मला वाटलं, बाटली खराब असेल. खात्री करायला आणखी चार बोअर घ्यायच्या ठरल्या होत्या. त्यात दोन महिने गेले असते. तेवढ्यात तुझं पत्र आलं, 'चांगली माती, माझ्या डोळ्यांसमोर पसरली.' मी त्या चारही खोडल्या. तुझ्या पत्रानं काम सोपं झालं असं लिहिलं होतं ना, ते हे.

मी प्रयोगशाळेचा घोळ म्हणून मांडतोय. निभावून जाईल. तू फक्त गप्प बस. खिडकी बंद ठेव, बागेकडे जाऊ नकोस.

बारक्या


१ जून

बारक्या,

पत्र फाडलं नाही. या वयात कागद फाडायची हौस उरली नाही.

काल इस्पितळात गेले होते. वरचा मजला, शेवटचा पलंग. दोन्ही पायांना घोट्यांपर्यंत पट्ट्या. बायको बाजूच्या स्टुलावर बसून सफरचंद कापत होती. मला वाटलं होतं, काय बोलायचं ते घोकून गेलेय. तिथं गेल्यावर सगळं विसरले.

मी म्हटलं, "मी त्या बागेत कामाला होते. खाली काय आहे ते मला ठाऊक होतं."

तो छताकडे बघत होता. "कधीपासून?"

"एक्केचाळीस वर्षांपासून."

"आणि मी उतरलो तेव्हा?"

"समोरच्या खिडकीत होते."

बायकोचा हात थांबला. तिनं सुरी ताटलीत ठेवली, आवाज न करता. मग म्हणाला, "आजी, ही उशी जरा वर घ्या." मी घेतली. मग म्हणाला, "आता जा तुम्ही."

जिना उतरताना मी कठडा धरला, आणि मला त्याचीच लाज वाटली. माझे पाय धड आहेत.

चौकशीच्या बाई सोमवारी येतायत. मी त्यांना भेटणार आहे. प्रयोगशाळेचा घोळ म्हटलंस तर ते बशीत पुन्हा खणायला कुणालातरी उतरवतील. गाळ नेमका कुठं आहे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तुझं नाव मी घेणार नाही. तू खोडलेल्या बोअर तुझ्या, त्यांचं काय करायचं ते तू बघ.

ताई


६ जून

ताई,

तू सांगायचं ठरवलंस, सांग. मला एकाच गोष्टीचं उत्तर दे.

दोन रात्री मी एकच विचार करतोय. तू मला त्या हिरवळीवर जाऊ द्यायची नाहीस. गवतासाठी नव्हतं ते. तुला माहीत होतं.

माझ्या वर्गातली पोरं तिथं लोळायची. गवत तोंडात घालायची. बायका रांगती मुलं सोडून गप्पा मारत बसायच्या. रविवारी तर पाय ठेवायला जागा नसायची. तू त्या सगळ्यांना बघत होतीस, आणि दंडाला धरून बाहेर काढलंस ते फक्त मला.

हे मी फेब्रुवारीत तुला गंमत म्हणून लिहिलं होतं. ते वाचताना तुला काय वाटलं?

बारक्या


३० जून

बारक्या,

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

हो. मला माहीत होतं. तुला बाहेर ठेवलं, कारण तू माझा होतास. बाकीच्यांना हाकललं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. संध्याकाळी पोरांचा गलका सुरू झाला की मी रोपवाटिकेत जाऊन तिकडे पाठ करून बसायची. पुढे पुढे तिथं काही धोका आहे हे मीच विसरले, किंवा विसरल्यासारखं करता यायला लागलं. तुझ्या त्या गमतीच्या ओळी वाचल्या तेव्हा पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासायला गेले. घासलेलीच पुन्हा घासली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

चौकशीच्या बाई तुझ्या मुलीएवढ्या दिसतात. आवाज चढवत नाहीत, पण प्रश्न सोडतही नाहीत. सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. मला नीट ऐकू येत नाही म्हटल्यावर पुन्हा, मोठ्यानं, दारं उघडी असताना. बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. मग विचारलं, "जागा दाखवाल?"

मी बादलीभर चुना मागितला. नकाशा मला कळत नाही, पण गवत कुठं पिवळं पडायचं ते मला कळतं. तीनदा गवत बदललं होतं मी, दर वेळी खाऱ्या पाण्याच्या नावावर खपवलं. कण्हेरी कुठं मेल्या, कुठला वाफा कधीच धरला नाही, सगळं फिरून चुन्यानं आखून दिलं. तीन तास लागले. मागून दोघं जण बुटांवर पिशव्या बांधून चालत होते आणि खुणेच्या काठ्या ठोकत होते. नंतर त्यांनी तिथं बोअर घेतल्या. आखलं होतं त्याच्या आत सगळीकडे गाळ लागला, बाहेर कुठंच नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे आमचे सहा महिने वाचले." त्यांनी पुढे काही जोडलं नाही, ते बरं केलं.

त्या दिवशी मास्तर फाटकाशी उभे होते. म्हणाले, "माझी मुलगी रोज तिथं खेळायची." मी म्हटलं, "हो." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि निघून गेले. मुलगी ठणठणीत आहे, पण आता तिला साधी शिंक आली तरी मास्तर रात्रभर जागणार. ते आता दुसऱ्या फाटकानं येतात. शेजारीण दार उघडते, पण आत ये म्हणत नाही. इमारतीच्या जिन्यात माझ्या मजल्यावर कुणी तरी खडूनं काही लिहिलं होतं. मी न वाचताच पुसलं.

तू लिहू नकोस असं वाटत असेल तर लिहू नकोस.

ताई


११ सप्टेंबर

ताई,

अडीच महिने मी तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. रागावलो होतो, हे खरं आहे. पण नंतर नंतर राग पुरेना, तरी लिहिलं नाही. त्याचं कारण आता सांगतो.

चौकशीच्या अहवालाचा मसुदा ऑगस्टमध्ये माझ्याकडे सहीला आला. साहेबांनीच आधी त्यावर हात फिरवला होता. त्यात एक वाक्य होतं, 'एका जुन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या खोट्या माहितीमुळे तपासणीत त्रुटी राहिली.' साहेब म्हणाले, "तुमच्या बहिणीनं सगळं कबूल केलंच आहे. तिला या वयात कोण काय करणार? सही करा, विषय संपला." सगळं खरंच तर होतं त्यात. तू खोटं सांगितलंस. मी फसलो.

मी मसुदा घरी आणला. चार दिवस तो जेवणाच्या टेबलावर पडून होता. बायको त्याच्या भोवतीनं ताटं मांडत होती. पाचव्या दिवशी मी चौकशीच्या बाईंना फोन केला आणि जानेवारीचा नमुना, खोडलेल्या चार बोअर, सगळं सांगितलं. खोडल्याचा कागदही दिला. ज्यात धातू सापडला तो अहवाल माझ्या खणात होता, ताई. बहिणीचा शब्द मी त्याच्यापेक्षा मोठा मानला, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तुझा शब्द सोयीचा होता.

मला कामावरून काढलेलं नाही. बागेवरून काढलंय. आता तळघरात जुने नकाशे लावतो. साहेब जिन्यात भेटले की घड्याळ बघतात.

बागेचं काम एका नव्या बाईंकडे गेलंय, हुशार आहे. तू आखलेला भाग, म्हणजे बागेचा जवळजवळ तिसरा हिस्सा, ती पुढच्या वर्षी बंद करतेय. बाजूंनी खोलवर चिकणमातीचा जाड थर, वर जाड प्लास्टिकचा पडदा, त्यावर पुन्हा माती, आणि पुढची भिंत दुप्पट भक्कम. भोवती कुंपण. तिथं कुणी जायचं नाही, दर तीन महिन्यांनी पाण्याचे नमुने घ्यायचे, किती वर्षं ते तिलाही सांगता येत नाही. गाळ उचलून न्यायचा तर दुसऱ्या कुणाच्या तरी दारात टाकावा लागला असता, म्हणून तो तिथंच बंद करायचा. उरलेल्या काठावर मात्र माझा आराखडा तसाच ठेवलाय. भिंत निघाली, भरती आत येते. परवा फोटो पाठवला तिनं. लव्हाळी वीतभर वर आलीत. मला आनंद व्हायला हवा होता.

आता कारण. या काळात मी दोनदा तुझ्या शहरात येऊन गेलो. एकदा जुलैत, एकदा चौकशीला. तुझ्याकडे आलो नाही, कारण तू पहिला प्रश्न तोच विचारशील. दोन्ही वेळा इस्पितळाच्या रस्त्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. त्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही. त्याचं नाव मी शंभर कागदांवर लिहिलंय आणि त्याचा चेहरा मला माहीत नाही.

येत्या शनिवारी सुट्टी आहे. मी तुझ्याकडे येऊ का? दोन दिवस राहीन. फार काही बोलायलाच हवं असं नाही.

बारक्या


१५ सप्टेंबर

बारक्या,

पत्र वाचून मी तुझ्यावर रागावले नाही, असं लिहायला बसले होते. ते खोटं झालं असतं, आणि तुला तसलं एक पत्र लिहून काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय. रागावले आहे. माझ्या शब्दावर चार बोअर खोडतोयस हे मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. कदाचित तरीही मी गप्पच बसले असते. पण कदाचित नसते बसले. ती एक संधी होती आणि ती तू मला कंटाळा येईल म्हणून दिली नाहीस. तुलाही माझा राग आहे, असू दे. दोघांचेही राग या खोलीत मावतील, खोली तशी बरी मोठी आहे.

पंपवाल्याचं सांगते. डाव्या पायाची दोन बोटं काढली. उजवा पाय वाचला, पण टाचेवरची जखम भरत नाही, मांडीची कातडी काढून लावलीय. अजून महिनाभर तिथंच असेल. पुढे पाण्यातलं काम त्याला जमणार नाही. तुझ्या जागी आलेल्या बाईंनी नमुने घेण्याच्या कामावर त्याला ठेवून घ्यायचं कबूल केलंय, लेखी दिलंय. तो म्हणतो, बघू.

मी दर गुरुवारी जाते. पहिले दोन गुरुवार त्यानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या वेळी म्हणाला, "बसायचं तर बसा." बायको अजून बोलत नाही, मी आले की उठून पाणी भरायला जाते. तिनं बोलावं असं मला वाटत नाही. परवा त्यानं मला विचारलं, खाली उतरल्यावर पाय चुरचुरायला लागले तेव्हा आपण लगेच बाहेर का आलो नाही? मग तोच म्हणाला, "काम थांबलं असतं. वरून ओरडत होते ना." आणि मग विचारलं, "तुमचा इंजिनिअर कधी येणार?" हे तो दर वेळी विचारतो. मी उत्तर देत नाही, ते उत्तर माझं नाही.

तेव्हा शनिवारी ये. पण बॅग टाकायला आधी माझ्याकडे येऊ नकोस. बसमधून उतरलास की थेट इस्पितळात ये, भेटीची वेळ चार ते सहा आहे. मी खाली फाटकाशी उभी असेन, पण वर येणार नाही. वर तू एकट्यानं जायचंस. शेवटचा पलंग, खिडकीकडचा. तो तोंड फिरवील, कदाचित शिव्या देईल. त्याची बायको काय करील ते मला सांगता येत नाही. स्टूल ओढून बस आणि सगळं ऐक, मध्ये बोलू नकोस. सहा वाजता ते बाहेर काढतील तेव्हाच खाली ये.

मग घरी जाऊ.

ताई